गाऊनच्या पिशवीतलं बीपीचं मशीन

माझा जन्म लालबागचा आणि सासर परळचं, म्हणजे लग्न करून मी पुलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आले, एवढाच माझा प्रवास, तरी बाबा टेम्पोत माझं कपाट चढवताना असे रडत होते की शेवटी टेम्पोवाला बोलला, काका, मी रोज जातो तिकडे, काही द्यायचं असेल तर सांगा. बाबा मसाल्याच्या डंकावर कामाला होते, त्यांच्या शर्टाला मिरची, केसांना मिरची, डब्याला मिरची, ते घरी आले की बेलच्या आधी शेजाऱ्यांच्या शिंका ऐकू यायच्या, आणि मम्मी म्हणायची, या शीतलची जीभ तुम्ही त्या डंकावरच कुटून आणलीत. तर मी अशीच आहे, तोंडावर बोलणारी, आणि आमच्या युनियनची पत्रकं मीच लिहिते त्यामुळे आता बोलता बोलता मध्येच मागण्या सुरू होतात, तेवढं तुम्ही सांभाळून घ्या ताई.

बारावी झाल्यावर मी हिंदमाताला साड्यांच्या दुकानात लागले, दिवसभर साड्या उलगडायच्या आणि दिवसभर घड्या घालायच्या, बायका बसायच्या, पन्नास साड्या बघायच्या आणि बोलायच्या, चल गं, पुढच्या दुकानात बघू. त्यातून मी एवढं शिकले की बाई तोंडाने काय बोलते ते सोडा, तिचा हात कुठल्या साडीवर थांबतो ते बघा. हेच मला पुढे कामाला आलं. लग्नानंतर आमच्या इथल्या महापालिकेच्या दवाखान्यात आरोग्य सेविकांची भरती निघाली, मंगेश, म्हणजे माझा नवरा, कुरिअरमध्ये आहे तो, तो बोलला तुला बोलायला आवडतं, दारोदार बोलायचे पैसे मिळतात तर जा.

आता हे काम काय असतं सांगते, कारण लोकांना वाटतं आम्ही पोलिओचे दोन थेंब पाजतो आणि घरी येऊन झोपतो. आमच्या वाट्याला चाळी दिलेल्या असतात. तिथे कोणाला दिवस गेलेत, कोणाकडे बाळ जन्मलं, बाळाचं वजन किती, कुठली लस राहिली, कोणाचा खोकला जात नाही, कोणाला बीपी आहे, साखर आहे, कोण गेलं आणि कशाने गेलं, हे सगळं आम्ही विचारत फिरायचं आणि दवाखान्यात द्यायचं, तिथून ते वर जातं, आणखी वर जातं, आणि मग टीव्हीवर कोट घातलेला माणूस सांगतो की देशातले बालमृत्यू कमी झाले, देशाचं आयुर्मान वाढलं. अरे वाढलं ना, चांगलंच आहे, पण तो आकडा काय आभाळातून पडला? तो आमच्या जिन्यांवरून चढून गेलाय. आणि आम्ही कोण, तर स्वयंसेविका. कर्मचारी नाही. पगार नाही, मानधन. अख्ख्या देशाला मोजणारी बाई स्वतः कर्मचाऱ्यांच्या मोजणीत नाही, ही कुठली पद्धत, आमची स्पष्ट मागणी आहे की... बघा, सुरू झाले मी.

पण एक सांगतेच. काही शिकलेले लोक भेटतात, ते बोलतात आकडे काय, आकडे खोटेच असतात. मला याचा भयंकर राग येतो. आकडा नसेल तर गरीब माणूस काय घेऊन भांडणार? आमच्या बाजूच्या गल्लीत जुलाबाच्या केसेस एकाएकी वाढल्या तेव्हा आम्ही तेच आकडे घेऊन गेलो म्हणून पाण्याची सडकी पाइप बदलली, नाहीतर सगळे बोलत होते तुम्ही लोक बाहेरचं खाता. माझं भांडण आकड्याशी नाही, माझं भांडण सरासरीशी आहे. आमच्या चाळीसमोर टॉवर आहे, वर स्विमिंग पूल, खाली कारंजं. सरासरीत आम्ही आणि ते एका ताटात जेवतो, प्रत्यक्षात त्यांचा वॉचमन मला गेटच्या आत घेत नाही, बोलतो मॅडम, आमच्याकडे सगळ्यांचे प्रायव्हेट डॉक्टर आहेत. म्हणजे त्यांची गुटगुटीत बाळं आणि आमची अशक्त बाळं एकत्र करून भागाकार करा आणि बोला, विभागाची तब्येत उत्तम!

तर असं आहे. आता माझं स्वतःचं सांगते, त्यासाठीच तुम्ही आलात.

या सगळ्या मोजमापात एक गोष्ट असते, गरोदर बाईची पहिल्या तीन महिन्यांच्या आत नोंद झाली की नाही. देशभर हे बघतात, कारण नोंद लवकर झाली तर रक्त कमी आहे का, बीपी आहे का, थायरॉइड आहे का, ते लवकर कळतं आणि आई-बाळ दोघं वाचतात, इतकं साधं आहे. आणि आमच्याकडे रीत काय, तर तीन महिने भरल्याशिवाय कोणाला सांगायचं नाही. नजर लागते. म्हणजे सरकार बोलतं तीन महिन्यांच्या आत सांग आणि सासू बोलते तीन महिन्यांनंतर सांग, आणि मध्ये कोण, तर मी, गळ्यात ओळखपत्र अडकवून. दारात उभी राहून मी विचारणार, वहिनी, काही विशेष? वहिनी बोलणार, छे छे, कुठे काय, आणि आतून ओकारीचा आवाज येणार. मग मी साड्यांच्या दुकानातली अक्कल वापरायची. जी बाई रोज गॅलरीत मासे साफ करायची ती अचानक नाकाला पदर लावून आत पळाली की मी समजायचं, उद्या हिच्याकडे एकटीला गाठायचं आणि समजवायचं. समजायच्या ना, बऱ्याच समजायच्या. मी बोलायची, अगं दवाखान्याच्या मशीनला कुठे डोळे आहेत नजर लावायला.

हे मी दुसऱ्यांना बोलत होते तोवर सोपं होतं.

मला स्वतःला पहिल्यांदा दिवस गेले ते गेल्या वर्षी. मला एवढा आनंद झाला की मी त्याच दिवशी दवाखान्यात सांगितलं, संध्याकाळी चाळीत सांगितलं, पेढे वाटले, मंगेशने स्टेटस ठेवलं. आणि ते राहिलं नाही. दुसरा महिना पुरा व्हायच्या आत गेलं. डॉक्टरीणबाई बोलल्या, यात कोणाची काही चूक नाही शीतल, असं पुष्कळ जणींचं होतं, पुढच्या वेळी फक्त लवकर ये, आपण पहिल्यापासून लक्ष ठेवू. मला ते पटलं. सासूबाईंना नाही पटलं. सासूबाई कणकवलीकडच्या, परळमध्ये चाळीस वर्षं काढली तरी बोलणं मालवणी ते मालवणीच, त्या मला एक शब्द टाकून बोलल्या नाहीत, उलट दीड महिना मला बादली उचलू दिली नाही, पण मनात त्यांच्या पक्कं बसलं की मी चाळभर सांगितलं म्हणून गेलं.

या वर्षी पुन्हा दिवस राहिले. मंगेशला सांगितलं, सासूबाईंना सांगितलं. त्यांनी आधी देवापुढे साखर ठेवली, मग दार लावलं, मग माझे दोन्ही हात धरले आणि बोलल्या, गो बाय, ह्या वेळेक कोणाक बोलू नको. तीन म्हयने भरांदेत, मगे सरकाराक सांग नायतर दिल्लीक सांग. मी बोलले, आई, दवाखान्यात तर जायलाच पाहिजे, डॉक्टरांनी सांगितलंय लवकर या. तर बोलल्या, तुझ्या दवाखान्यात ती कांचन रोज जाऊन बसता, तिका कळला म्हणजे काय ऱ्हवला? आता हे खरं होतं. कांचनकाकू आमच्याच मजल्यावरच्या, साखरेच्या गोळ्या घ्यायला जातात आणि दुपारपर्यंत बाकावर बसून सगळ्यांची खबर घेऊन येतात. मी कामाला जाते ते वेगळं, पण तपासणीच्या टेबलावर मला बघितलं की त्यांना लगेच कळणार, आणि स्वतःची नोंद स्वतःच्या हाताने करता येत नाही.

काय करू सांगा. एकीकडे मला आतून भीती, की या वेळी काही राहून गेलं आणि पुन्हा तसंच झालं तर, आणि दुसरीकडे ही म्हातारी, डोळ्यात पाणी आणून हात धरलेली. तिला मी पत्रक वाचून दाखवू? मंगेश बोलला, दुसऱ्या दवाखान्यात जाऊ या ना गुपचूप. पण मी बोलले नाही, मी माझ्या चाळीतल्या बायकांना सांगते इथे नोंद करा आणि स्वतः तोंड लपवून दुसरीकडे जाऊ?

तेव्हा मला नसीम आठवली. नसीम माझी मैत्रीण, भोईवाड्याच्या बाजूला आरोग्य सेविका, मोर्चात आम्ही एक बॅनर दोन बाजूंनी धरतो. ती बोलली, टेन्शन काय को यार, दवाखान्यात तू नको येऊ, मीच घरी येते, वजन घेते, बीपी घेते, सगळी माहिती लिहून थेट डॉक्टरांच्या हातात देते, रक्ताच्या टेस्टचं त्या बघतील कसं करायचं. मी बोलले, अगं पण तुला सगळे ओळखपत्रावरून ओळखतील, दुसऱ्या सेविकेचं माझ्या घरी काय काम? तर ती बोलली, ओळखपत्र घालतंय कोण? माझी नणंद गाऊन शिवते ना, मी गाऊनवाली बनून येते. सासूबाईंना हे फार आवडलं. त्या पहिल्यांदा हसल्या.

तर दुपारची वेळ धरली, जेवणं झाली की चाळ जरा आडवी होते, दारं अर्धी लोटलेली असतात. नसीम आली, खांद्यावर ही एवढी मोठी पिशवी, वर रंगीबेरंगी गाऊन, खाली वजनकाटा, त्याच्या खाली बीपीचं मशीन. आणि आम्ही तिघी एवढ्या हुशार, पण एक गोष्ट तिघींच्याही डोक्यात आली नाही, की चाळीत दुपारी गाऊनवाली आली तर काय होतं! ती जिना चढत असतानाच खालच्या मजल्यावरून आवाज, ए गाऊनवाली, कॉटन आहेत का गं? कितीला? खिसा आहे? नसीम बोलते, आहे आहे, नंतर येते. तर नंतर कोण थांबतंय, दहा मिनिटांत आमच्या दारात पंधरा बायका, कोणाच्या हातात उशीचा अभ्रा, कोणाच्या केसात मेंदी.

नसीम बिचारी गाऊन काढतेय, भाव करतेय, आणि कांचनकाकू बोलल्या, खालचे दाखव गं, वरचे सगळे भडक असतात, आणि त्यांनी पिशवी धरून उचलली. बोलल्या, बाई बाई, गाऊन आहेत की पाटा-वरवंटा? आणि पिशवीत हात घालून त्यांनी वजनकाटा काढला. मग नळी धरून बीपीचं मशीन काढलं. कांचनकाकू ती नळी अशी धरून उभ्या, आणि बोलल्या, आता गाऊनचं माप यानेच घेतात वाटतं.

आणि मग सगळ्यांचे डोळे माझ्याकडे.

माझी जीभ, ताई, जी आयुष्यात कधी अडकली नाही, ती अडकली. नसीम छताकडे बघतेय. आणि तेवढ्यात माझ्या सासूबाई पाटावरून उठल्या, पदर कमरेला खोचला आणि बोलल्या, माझ्यासाठी इली ती. माका चक्कर येता. सूनबाय सगळ्या चाळीचा बघता, सासूचा कोण बघतलो? आणि खुर्चीत बसून हात पुढे केला, असा, पोलिसासमोर बेडी घालायला धरतात तसा.

आता तुम्हाला कळायला पाहिजे की या बाईने मला कधी दंडाला पट्टा बांधू दिला नव्हता. मी मशीन काढलं की त्यांना बाजारात काम निघायचं. बोलायच्या, मी बरी आसंय, भाज्याबिज्या खातंय, ती नळी दुसऱ्याक बांध. डोकं दुखायचं त्यांचं, पण त्याला कारणं तयार, कधी ऊन, कधी लाऊडस्पीकर, कधी मंगेश. आणि ही बाई माझं गुपित राखायला सगळ्यांसमोर हात धरून बसली.

आता नाटक पुरं करायला हवं म्हणून नसीमने पट्टा बांधला. आणि मशीनवर आकडा आला तेव्हा नसीमचा चेहरा बदलला. ती बोलली आई, बोलू नका, पाय खाली टेका, पाच मिनिटं शांत बसा, परत घेऊ. पंधरा बायका शांत बसल्या, काय सांगू, चाळीत रात्री दोनलाही एवढी शांतता नसते. परत घेतलं. आकडा तसाच, फार वर. मला दिसला तो. नसीम हळूच बोलली, शीतल, आजच न्यायला पाहिजे.

सासूबाईंना वाटलं ही पण नाटकातलीच वाक्यं, त्या मला डोळा मारत होत्या.

पण बाकीच्या बायका घाबरल्या ना. प्रत्येकीला वाटलं की यांचं असं निघालं, मग माझं काय? कांचनकाकू पहिल्या, बोलल्या माझं घे गं. मग रांगच लागली. वजनकाट्यावर चढायच्या आणि बोलायच्या हा काटा बिघडलाय. एकीने बांगड्या काढल्या, एकीने क्लिपा काढल्या, एक बोलली, आत्ताच जेवलेय, ते वजा कर. आणि त्या रांगेत मीही उभी राहिले, माझा नंबर आला तेव्हा नसीमने माझंही वजन घेतलं, बीपी घेतलं, पाळीची तारीख मी आधीच कानात सांगितली होती. झाली माझी नोंद. भर दुपारी, पंधरा बायकांच्या मध्ये, कोणाला पत्ता नाही.

संध्याकाळी आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, डोकं कधीपासून दुखतं? तर मी शेजारी बसलेली असताना बोलल्या, मंगेशच्या लग्नापासून. डॉक्टरीणबाई हसून हसून थांबेनात. मग नीट समजावलं त्यांनी, की हे असंच चाललं असतं तर एक दिवस हात-पाय जाऊ शकले असते, आवाज न करता वाढतं हे. गोळी दिली, रोजची, आणि सुका बांगडा, लोणचं, पापड कमी. गोळीपेक्षा बांगड्याचं दुःख जास्त झालं. घरी येऊन हट्ट, की रोज गोळी खाल्ली काय मी कायमची आजारी ठरतलंय, मी नाय घेवचंय. मी बोलले, ठीक आहे, मग मी पण माझी फॉलिक अॅसिडची गोळी घेणार नाही. त्यांनी माझ्या गोळीची पट्टी माझ्यापुढे सरकवली. मग बोलल्या, आधी तू. तेव्हापासून जेवण झालं की आम्ही दोघी समोरासमोर बसतो, हातात पाणी, एकमेकींची जीभ तपासतो, गिळली का खरंच. मंगेश बोलतो, आपल्या घरात आता पान-सुपारीऐवजी हे सुरू झालंय.

आणि ते तीन महिने! मी रोज उठायची आणि पहिला विचार तोच, आजचा दिवस गेला पाहिजे. सासूबाई काही बोलायच्या नाहीत पण मी बाथरूममधून यायला उशीर केला की बाहेर उभ्या असायच्या. सासूबाईंच्या तपासणीच्या निमित्ताने माझंही रक्त तपासलं, थायरॉइड जरा होता, लगेच गोळी सुरू झाली. लवकर कळला म्हणून सुरू झाली, हे मी पत्रकात जाड अक्षरात लिहिणार आहे.

भरले तीन महिने. सासूबाईंनी स्वतः पेढे आणले, आणि पहिलं घर कांचनकाकूंचं. तर काकूंनी पेढा तोंडात टाकला आणि बोलल्या, चला, बरं झालं सांगितलंत, आता आम्हाला पण बोलता येईल. मी बोलले, म्हणजे? तर बोलल्या, अगं शीतल, त्या दिवशी सगळ्या गाऊनला खिसा आहे का बघत होत्या आणि तू एकटी पोटावर सैल आहे का बघत होतीस. सगळ्या मजल्याला माहीत होतं! आणि एवढ्या दिवसांत एक बाई फुटली नाही, ज्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही त्या कांचनकाकूसुद्धा. बोलल्या, गेल्या वेळी तुझी सासू नळावर एकटी रडत होती ती बघितली होती मी. तिला वाटत होतं ना कोणाला कळू नये, मग नाही कळलं आम्हाला.

आता मला सातवा सरत आलाय. वरचे मजले नसीम बघते, मी खालची घरं करते. सासूबाईंचं बीपी खाली आलंय, महिन्याचा आकडा त्या आता स्वतःच सगळ्यांना सांगत फिरतात, परीक्षेचा निकाल सांगावा तसा. आणि गेल्या रविवारी माझी ओटी भरली. बाकी सगळं रीतीप्रमाणे झालं, फुलं, हिरवी साडी, पाच फळं, नसीम पण आली होती. मग सासूबाई बोलल्या, आमच्याकडे गाऱ्हाणा घालूक होया. आता गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं, कोकणात ते गावचा मानकरी घालतो, पुरुष माणूस, आणि बाकीचे व्हय म्हाराजा म्हणतात. मंगेश बोलला, कोणाला बोलवू? त्या बोलल्या, कोणाक कित्याक, मी आसंय मा. आणि नारळ हातात घेऊन उभ्याच राहिल्या.

बा देवा म्हाराजा, ह्या माझ्या सुनेचा बाळंतपण सुखान पार पडांदे रे म्हाराजा. सगळ्या बायका, व्हय म्हाराजा. तिचा रक्त कमी जावचा नाय आणि प्रेशर चढाचा नाय अशी नदर ठेव रे म्हाराजा. व्हय म्हाराजा. झिल होवंदे नायतर चेडू होवंदे, पण वजन अडीच किलोच्या वर आसांदे रे म्हाराजा. मी तर उडालेच, मुलगा की मुलगी ते सोडून थेट वजन, अडीच किलोच्या खालचं बाळ अशक्त धरतात हे मी घरात कधीतरी बडबडले असेन, ते यांनी थेट देवापर्यंत पोचवलं. हसू दाबत सगळ्या, व्हय म्हाराजा. आणि मग त्यांनी आवाज आणखी चढवला, ह्या चाळीत आजून जी कोण पोरगी दिवस गेले तरी तोंड बंद करून बसली आसात, तिका दवाखान्यात जावची बुद्धी दी रे म्हाराजा.

व्हय म्हाराजा झालं, पण त्यात एक आवाज जरा जास्तच जोरात आला, दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या सुनेचा, आणि तिची सासू हळूच मान वळवून तिच्याकडे बघायला लागली. उद्या सकाळी मी त्यांच्याकडे जाणार आहे. नसीम बोलतेय मी जाते, पण नाही, या घरी मीच जाणार, हळूहळू जिना चढत.